मोंमार्त्रच्या चिरोडीतले प्राणी

पॅरिसची मोंमार्त्र टेकडी. आज माथ्यावर साक्रे-कर हे पांढरंशुभ्र चर्च आहे आणि पायऱ्यांवर पर्यटकांची रीघ. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ही टेकडी खाणींनी पोखरलेली होती. कामगार इथून जिप्सम, म्हणजेच चिरोडी, काढायचे आणि भट्टीत भाजायचे. साधारण दीडशे अंशांना तिच्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि उरते पांढरी भुकटी. गणपतीच्या मूर्तींमुळे आपल्या घराघरांत माहीत असलेलं हेच ते प्लास्टर ऑफ पॅरिस.

सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ खाजणं होती. ऊन तापायचं, खारं पाणी आटायचं आणि मिठागरात मीठ धरावं तशी तळाशी चिरोडी धरायची. आसपासच्या प्राण्यांची कलेवरं पाण्यात आली, की त्याच थरांत गाडली जायची. म्हणूनच दगड फोडताना मधूनच एखादा जबडा निघायचा, एखादं पायाचं हाड निघायचं.

ही हाडं जॉर्ज क्युव्हिए या शरीररचनातज्ज्ञाकडे पोहोचली. सगळी सुटी, एकमेकांत मिसळलेली. दात कुणाचे आणि खूर कुणाचा, हे जुळवत त्यानं दोन प्राणी उभे केले: घोड्याच्या कुळातला पॅलिओथेरियम आणि लांब, जाड शेपटीचा अ‍ॅनोप्लोथेरियम. जगात कुठेच असे प्राणी उरलेले नव्हते. जिवांच्या जातीच्या जाती नामशेष होतात, हे तेव्हा अनेकांना मान्यच नव्हतं. त्यांच्यापुढे आता पॅरिसच्याच मातीतला पुरावा होता.

पण या सगळ्या कामातला सर्वांत देखणा क्षण एका चिमुकल्या सांगाड्याचा आहे. चिरोडीची लादी दुभंगली आणि दोन्ही तुकड्यांवर अर्धा-अर्धा सांगाडा दिसला. दात आणि जबडा पाहून क्युव्हिए म्हणाला, हा ओपोसम, पिशवीवाला प्राणी! अमेरिकेतला प्राणी पॅरिसमध्ये? पिशवीवाल्या प्राण्यांच्या कमरेच्या हाडांपुढे दोन जास्तीची, चपटी हाडं असतात. इथे तो भाग अजून दगडातच होता. क्युव्हिएनं काही जणांना बोलावलं, काय सापडणार ते आधीच सांगितलं आणि पोलादी सुईनं चिरोडी कणाकणानं कोरायला घेतली. ती दोन्ही हाडं निघाली, नेमकी तिथेच! आधी सांगायचं, मग सर्वांसमक्ष तपासायचं. विज्ञानावर विश्वास बसतो तो अशा धाडसामुळे.

पॅलिओथेरियमची गोष्ट मात्र इथे संपली नाही. क्युव्हिएनं त्याचं चित्र टापिर या आखूड सोंडेच्या प्राण्यासारखं, आखूड मानेचं काढलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी, १८७३ मध्ये, पॅरिसजवळच्या व्हित्रीच्या चिरोडी-खाणीत जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला. त्याची मान चांगलीच लांब निघाली. पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या पुराजीवशास्त्राच्या दालनात आज तो पाहता येतो, चिरोडीच्या त्याच लादीत, पाय दुमडून आडवा पडलेला.