गिल्गमेश : अठ्ठावीस ओळींनी बदललेला वीर

मित्रहो, वीर म्हटला की आधी आपल्याला त्याचं बळ आठवतं. प्राचीन मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, उरुक नगरीचा राजा गिल्गमेश याच्या काव्याची सुरुवातही एके काळी तशीच होती. इसवी सनापूर्वी १८००च्या आसपासचं जे जुनं बाबिलोनी काव्य आहे, ते 'सगळ्या राजांहून वरचढ' या शब्दांनीच उघडतं. पुढे कित्येक शतकांनी सिन-लेकी-उन्निन्नी या पंडिताच्या नावाने मातीच्या बारा पाट्यांवरची आवृत्ती रूढ झाली. तिच्यात या ओळीच्या आधी अठ्ठावीस नव्या ओळी आल्या, आणि काव्याचा आरंभ झाला, 'ज्याने खोल तळ पाहिला'. हा माणूस लांबचा रस्ता तुडवून आला, थकला, निवला, असं कवी सांगतो. जुनी ओळ त्याने पुसली नाही, मागे सरकवली. मला या काव्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच वाटते.

बळ गिल्गमेशकडे जन्मजातच आहे. निन्सुन देवीचा मुलगा, दोन तृतीयांश देव, एक तृतीयांश माणूस. पण त्या बळाने उरुकमधली माणसं त्रासून गेली आहेत. घराघरातली पोरं-पोरी त्याच्या तावडीत. लोक देवांकडे गाऱ्हाणं घेऊन जातात, तेव्हा कुठे त्याच्या तोडीचा एन्किडू घडवला जातो. दोघं झुंजतात आणि जिवलग होतात. देवदारांच्या रानाचा राखणदार राक्षस हुंबाबा, मग स्वर्गातला बैल, दोघांनाही ते मारतात.

त्याचा बाप लुगालबांदा तर सुमेरी भाषेतल्या काव्यात सैन्यामागे डोंगरात आजारी पडून राहिलेला दिसतो. अंझू नावाच्या अजस्र दैवी पक्ष्याच्या पिल्लाला तो खाऊ घालतो, त्याच्या डोळ्यांत काजळ घालतो. पक्षी प्रसन्न होतो, पण लुगालबांदा धन नाकारतो, अचूक बाणही नाकारतो. मागतो फक्त न थकता धावण्याचं बळ. किती वेगळा वर आहे हा!

पण खरा गाभा एन्किडूच्या मरणानंतर उघडतो. सहा दिवस, सात रात्री गिल्गमेश प्रेत पुरू देत नाही. शेवटी मित्राच्या नाकातून एक अळी खाली पडते. त्या अळीने त्याला स्वतःचं मरण दिसतं. मग कातडी पांघरून तो रानोमाळ भटकतो आणि महापुरातून वाचून अमर झालेल्या म्हाताऱ्या उता-नपिश्तीपर्यंत पोचतो. म्हातारा म्हणतो, मृत्यूला जिंकायचंय ना? मग आधी सहा दिवस, सात रात्री झोपेला जिंक. गिल्गमेश बसल्या बसल्या झोपतो. म्हाताऱ्याची बायको रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते आणि भिंतीवर दिवसाची खूण करते. तो जागा होतो तेव्हा पहिली भाकरी वाळून गेलेली, पाचवीवर बुरशी, सहावी ताजी आणि सातवी अजून निखाऱ्यावर. 'आत्ताच तर डोळा लागला होता,' असं तो म्हणतो खरा, पण भाकऱ्या पाहिल्यावर त्याला तोंड उरत नाही. महापराक्रमी राजा भाकऱ्यांसमोर हरतो, आणि कवी ती हार लपवत नाही.

म्हाताऱ्याने सांगितलेली, पुन्हा तरुण करणारी वनस्पतीही साप पळवतो. गिल्गमेश बसून रडतो, पण तिथे थांबत नाही. नावाडी उर्शनाबीला घेऊन उरुकला येतो. त्याला म्हणतो, तटावर चढ, चालून बघ, पाया तपास. वीट भट्टीत भाजलेली आहे की नाही, पाहा.

हीच भिंत कवीने सुरुवातीच्या ओळींत आपल्यालाही दाखवलेली असते. आणि लगेच तो सांगतो, देवदाराची पेटी शोध, तिची कांस्याची कडी काढ, झाकण उचल, आत निळ्या लाजवर्द दगडाची पाटी आहे. ती हातात घे आणि गिल्गमेशने काय काय सोसलं, ते मोठ्याने वाच.