एकवीस कार्डं

श्रोतेहो, नमस्कार.

१९८४ सालचा मार्च महिना. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आम्ही दुपारी बोर्डिंगात परतलो, तेव्हा आमच्या हॉलमध्ये २२ लोखंडी खाटा होत्या, २२ पत्र्याच्या ट्रंका होत्या आणि पोरंही बावीसच्या बावीस होती. दिवेलागणीपर्यंत नऊ खाटा रिकाम्या झाल्या.

निरोप समारंभ फेब्रुवारीतच उरकला होता. भाषणं झाली, गुलाबाचं एकेक फूल मिळालं, गुरुजनांबरोबर फोटो निघाला. पण बोर्डिंगातला खरा निरोप एसटीच्या वेळापत्रकावर ठरतो. शिरूर आणि जुन्नर त्याच संध्याकाळी शिवाजीनगर स्टँडवरून गेले. सासवड तर चहालाही थांबला नाही. रात्री सटाणा. पहाटे स्वारगेटच्या पहिल्या गाडीने कराड आणि वाई. वर्ध्याला न्यायला त्याचे वडील आले होते, ते दोघे महाराष्ट्र एक्सप्रेसने गेले. जो तो वळकटी बांधायचा, ट्रंकेचं एक टोक तो धरायचा, दुसरं आमच्यातला कुणीतरी, आणि फाटकापर्यंत पोचवून आपण परत यायचं. परत आलं की त्या खाटेच्या नुसत्या पट्ट्या दिसायच्या.

मी ही गावांची नावं घेतोय, कारण बोर्डिंगात आम्ही एकमेकांना गावाच्याच नावाने हाक मारत होतो. "ए वर्धा, साबण दे रे!" असं चालायचं. माझं नाव दापोली. आणि आज मला ज्याच्याविषयी बोलायचं आहे, त्याचं नाव सांगोला.

सांगोला आठवीत आला तेव्हा त्याच्याकडे ट्रंक नव्हती. गोड्या तेलाचा रिकामा डबा होता, त्याला कडी-कोयंडा बसवून घेतलेला. खाट माझ्या शेजारची. माणदेशातला मुलगा; मला पावसाची सवय आणि त्याला पावसाचं अप्रूप. पहिल्या जूनमध्ये पागोळ्यांखाली ओंजळ धरून तो किती वेळ उभा होता, ते मला अजून दिसतं. १९७२च्या दुष्काळाबद्दल आम्ही पुस्तकात वाचलं होतं. त्याला तो चवीने आठवत होता. चार वर्षांचा होता तो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, हा बाजूला बाभळीखाली बसायचा आणि दुपारी तिथे मिळणारी सुकडी खायचा. "गोड असायची," एवढंच म्हणाला होता.

कर्मवीर जयंतीला, २२ सप्टेंबरला, आमचे मराठीचे सर दरवर्षी बोलत. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, तिथपासून सुरुवात करत. पुण्यातल्या अनाथ विद्यार्थी गृहाबद्दल सांगत; १९०९ साली सुरू झालेलं ते, आणि तिथली मुलं झोळी घेऊन पेठांमधून माधुकरी मागत. मग भाऊराव पाटलांवर येत. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटात अन्न पडावं म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र विकलं, हे सांगताना दरवर्षी त्यांचा आवाज कापरा व्हायचा. नववीत असताना, नेमका तिथे आल्यावर, सांगोला उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेलो. नळाखाली डोकं धरून उभा होता. म्हणाला, "आमच्या आईनं डोरलं गहाण टाकलंय. या वर्षाच्या फीसाठी. तिला वाटतंय मला ठाऊक नाही."

हे त्याने फक्त मला सांगितलं. आज ते रेडिओवर बोलतोय, पण मला खात्री आहे, त्याला चालेल. त्या माऊलीचं नाव कुठल्या कोनशिलेवर नाही. निदान आवाजात तरी राहू दे.

गणितात तो हुशार आणि मी कच्चा. दहा वाजता दिवे बंद व्हायचे. मग व्हरांड्याच्या टोकाला, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडायचा तिथे बसून तो मला बीजगणित शिकवायचा. पाटी होती त्याच्याकडे. कागद वाया घालवायचा नाही. एकच उदाहरण पुसून पुसून तीन-तीन वेळा करून घ्यायचा. चिडायचा नाही. "आता कळलं का?" असं विचारायचा नाही, "आता तू मला शिकव" म्हणायचा. पुढे मी ३० वर्षं शिक्षकी केली. शिकवण्याची एवढी चांगली रीत मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळाली नाही.

एक रात्र तर सांगायलाच हवी. २५ जून १९८३. शाळा नुकती सुरू झालेली, आम्ही दहावीत. सटाण्याकडे ट्रान्झिस्टर होता, सेलसाठी सगळ्यांनी वर्गणी काढली होती. भारत १८३ला आटोपला तेव्हा निम्मे जण पांघरूण ओढून झोपले. बाकीचे आम्ही सटाण्याच्या खाटेभोवती, ट्रान्झिस्टर उशीखाली, आणि उशीला कान लावायचा नंबर. सांगोला धावांचा हिशोब पाटीवर लिहीत होता. कपिलने रिचर्ड्सचा झेल घेतला, तेव्हा आम्ही ओरडायचं म्हणून एकमेकांचे दंड दाबले. वेस्ट इंडीज १४०. मध्यरात्र झाली होती. बाहेर पेठांमधून फटाके सुरू झाले आणि मग कोण कशाला गप्प बसतोय! रेक्टर सर आले नाहीत. सकाळी साडेपाचची पीटीची घंटा त्या दिवशी वाजलीच नाही. का वाजली नाही, ते आम्ही विचारलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही.

तर, त्या मार्चमधली ती दुपार. नऊ जण जायच्या आधी सांगोल्याने सगळ्यांना हॉलमध्ये थांबवलं. आपला डबा उघडला आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. कार्ड तेव्हा पंधरा पैशांना होतं. एकवीस कार्डं, म्हणजे तीन रुपये पंधरा पैसे. रविवारी सुटीच्या दिवशी आम्ही भेळ खायला जायचो, तेव्हा "मला नको, पोट बिघडलंय" असं तो दिवाळीपासून का म्हणत होता, ते तेव्हा कळलं. प्रत्येक कार्डावर त्याने स्वतःचा पत्ता स्वतःच लिहिला होता. मुक्काम, पोस्ट, तालुका सांगोला, जिल्हा सोलापूर. एकेकाच्या हातात देत म्हणाला, "निकाल लागला की टाका. बाकी काही लिहू नका. पास की नापास आणि किती टक्के, एवढंच."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. डबा हलका होता, धरू लागायची गरज नव्हती, तरी मी फाटकापर्यंत गेलो. मला न्यायला मामा यायचे होते, त्यांना एक दिवस उशीर झाला. ती रात्र मी २१ मोकळ्या खाटांमध्ये एकटा झोपलो.

जूनमध्ये निकाल लागला. घरी वडील शिक्षक, त्यांची फर्स्ट क्लासची अपेक्षा. मिळाले ४९ टक्के. गणितात काठावर. व्हरांड्यातल्या त्या सगळ्या रात्री डोळ्यांपुढे आल्या आणि त्या माणसाला हे कसं कळवायचं, असं झालं. उद्या टाकू, परवा टाकू. कार्ड मी वहीत ठेवलं. मग कॉलेज, नोकरी, लग्न.

दोन वर्षांपूर्वी सटाणा भेटला, पुण्यातच. बोलता बोलता म्हणाला, त्याने कार्ड टाकलं होतं आणि सांगोल्याचं उत्तरही आलं होतं. ते उत्तर त्याने जपून ठेवलंय. मला दाखवलं. बारीक, उभट अक्षर, ओळखीचं. "वीस कार्डे मिळाली. सर्व पास. दापोलीचे आले नाही. तो आजारी तर नाही ना? तुला काही कळले तर कळव."

नापास झालो असेन, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मी त्याच्या गावी जाऊन आलो. वस्तीवरचं घर पडलंय. शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, आई गेल्यावर पोरगा कामाला बाहेर पडला, इचलकरंजीकडे की कुठे, मग आला नाही. बांधावरची बाभूळ तेवढी आहे.

ते कार्ड आत्ता माझ्यासमोर, या मायक्रोफोनशेजारी ठेवलंय. पिवळं पडलंय, पत्त्याची शाई फिकट झालीय, मागची बाजू कोरी आहे. आज लिहिलं तरी त्या पत्त्यावर कुणी घेणार नाही. म्हणून इथे वाचतो.

सांगोला, मी दापोली. पास झालो. ४९ टक्के. गणितातही सुटलो रे.