टोपलीतला टाको

(दृश्य: मेक्सिको सिटी, सकाळी दहाच्या सुमारास. मेट्रो स्टेशनबाहेर उभी सायकल.)

मागच्या कॅरियरला बांधलेली मोठी टोपली. आत निळं प्लास्टिक, वर जाड कापड. शेगडी नाही, तवा नाही, धूरसुद्धा नाही. तरी गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तो टाको गरमच.

हे टाकोस दे कानास्ता, टोपलीतले टाको. सारण साधंच: कुस्करलेला बटाटा, घोटलेला राजमा, नाहीतर मिरचीच्या वाटणात शिजवलेलं चिचारोन, म्हणजे डुकराच्या कातडीचे नि मांसाचे तळून दाबलेले तुकडे. सारण भरून दुमडलेल्या टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, टोपलीत थरावर थर रचायच्या, वरून कडकडीत तेल सोडायचं आणि सगळं गच्च झाकून टाकायचं. पुढचं काम वाफेचं. एरवी वाफ धरून मऊ पडलेलं खाणं आपण नाकारतो, इथे नेमकं तेच हवं असतं. यांना ‘घामेजलेले टाको’ असंही म्हणतात.

यातले कितीतरी विक्रेते त्लास्काला राज्यातल्या सान विसेंते शिलोशोचित्ला गावचे. अख्ख्या गावाची ओळखच या धंद्याची. भल्या पहाटे टोपल्या भरतात आणि राजधानीच्या वाटेला लागतात. वाटेतच टाको मुरतात.

पण एवढं तेल, एवढी वाफ सोसून टॉर्टिया फाटत कशी नाही? आपली मक्याची भाकरी दुमडून बघा, मधोमध मोडेल.

(दृश्य: पातेल्यात उकळणारा मका.)

सगळी करामत चुन्याची. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात. सालं सुटतात, ती धुऊन टाकायची आणि ओले दाणे वाटायचे. हा गोळा लवचिक होतो. असा चुन्यात शिजवलेला मका म्हणजे निश्तामाल, आणि ही क्रिया स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी शतकं आधीची. मेतातेवर, म्हणजे दगडी पाट्यावर, हे वाटण बायका गुडघे टेकून तासन्‌तास करायच्या. खाद्यसंस्कृतीच्या कौतुकात ते गुडघे सहसा दिसत नाहीत. आता गिरण्या आहेत, पाकीटबंद पीठही मिळतं.

चुन्यामुळे मक्यातलं नियासिन हे ब-जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मक्याचं बियाणं नेलं, चुन्याची रीत मात्र मेक्सिकोतच राहिली. अठराव्या शतकात स्पेन आणि उत्तर इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नियासिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, गाठलं. 2010 साली युनेस्कोने मेक्सिकोची पारंपरिक पाककला वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा नोंदीत निश्तामालही आलं.

पर्यटकांचे कॅमेरे वळतात ते टाकोस अल पास्तोरकडे. लेबनॉनहून आलेल्यांच्या शावर्म्यातून घडलेला, उभ्या सळईवर फिरणाऱ्या डुकराच्या मांसाचा टाको. दिसायला झकास, यात वाद नाही. पण टॉर्टियाची खरी परीक्षा टोपलीतच होते.

(दृश्य: पुन्हा सायकल, भोवती घोळका.)

प्लेटवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली, म्हणजे धुवायला पाणी नको. हिरवी साल्सा हवी तेवढी घ्या. पैसे खाऊन झाल्यावर. किती खाल्ले, ते गिऱ्हाइकानेच सांगायचं.