डोंगर विझला, धूर राहिला

(रात्र. डोंगराच्या उतारावर आगीची वाकडी रेघ, खाली इमारतींचे दिवे.)

गोरेगाव पूर्वेच्या गच्चीवरून अशी रेघ दिसली की आधी मोबाइल बाहेर निघतात, मग फोन जातो अग्निशमन दलाला. डिसेंबर २०१८ मध्ये आरेलगतचा डोंगर पेटला, तेव्हाही ती लांबून दिसत होती. वणवा म्हणतो आपण, पण आपल्याकडे कोरड्या दिवसांत वीज पडून रान पेटणं दुर्मीळच. कचऱ्याला लावलेली आग, फेकलेली बिडी, नवं गवत यावं म्हणून मुद्दाम ओढलेली काडी. काडी माणसाचीच.

(सागाचं वाळकं पान, अगदी जवळून. पेटतं.)

आता हे पान बघा. ते लगेच पेटत नाही. आधी त्यातलं पाणी उडून जातं. तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास गेलं की पानातून वायू सुटू लागतात, आणि ज्वाळेत जळतात ते हे वायू. पान आणि ज्वाळ यांच्यामध्ये बारीक फट दिसतेय? तिथे वायू आहे, ऑक्सिजन अजून पुरेसा पोहोचलेला नाही.

ज्वाळेच्या आत नुसती धांदल. हायड्रोजनचा एक सुटा अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळतो, रेणू फुटतो, आणि एका सुट्या कणाचे दोन होतात. ते पुढचे रेणू फोडतात. पिवळा रंग येतो तो काजळीमुळे. न जळलेले कार्बनचे कण तापून उजळतात.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के. तो काही डोंगरावरून हटवता येत नाही. हटवता येतं ते जळण.

(वनमजूर गवत कापताहेत. पाचोळ्याचे ढीग. पट्ट्याला सावधपणे लावलेली आग.)

ही जाळरेषा. गवत कापायचं, पाचोळा ओढायचा, पट्टा आपल्या हाताने जाळून मोकळा करायचा. पुढून येणारी आग तिथे उपाशी मरते. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, त्याआधी हे काम उरकलेलं बरं. इथे बाईट घ्यायला कोणी येत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आठ वर्षांनी कारवीची झुडपं फुलली, तेव्हा मात्र कॅमेऱ्यांची झुंबड होती. फुलून गेलेली कारवी मरते आणि तिच्या काड्या उभ्याच वाळतात. डोंगरभर आयतं सरपण.

रेषा ओलांडून आग आलीच, तर हातात हिरवी डहाळी घ्यायची आणि झोडपायचं.

(सकाळ. काळा उतार. धूर पूर्वेकडे सरकतोय, वेग वाढवलेलं दृश्य.)

आग विझली. धुराचं काम आता सुरू होतं. पानांमध्ये नायट्रोजन असतो. जळताना त्याचे ऑक्साइड होतात, सोबत अर्धवट जळलेल्या वायूंची गर्दी. ऊन चढलं की नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू प्रकाशाने तुटतो, ऑक्सिजनचा एक अणू मोकळा होतो आणि शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो. दोनाचे तीन झाले: ओझोन. ज्वाळेच्या उष्णतेत तो टिकला नसता; त्याला धूर हवा, ऊन हवं आणि थोडी सवड हवी. वर, पंधरा ते पस्तीस किलोमीटरवर, हाच वायू अतिनील किरणं अडवतो. खाली तो फुप्फुसांना झोंबतो, दमेकऱ्यांना जास्त, आणि झाडांची पानंही करपवतो.

दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि धूर मुलुंड-ठाण्याच्या बाजूला लोटतो. महामार्गावर गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो, त्यामुळे वाहतुकीपासून लांब, झाडाझुडपांच्या बाजूला तो जास्त भरू शकतो. आपल्याकडची ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम. ती ओलांडली का, हे दुसऱ्या दिवशी दुपारी तपासायला हवं. आग आटोक्यात आल्याची बातमी आदल्या रात्रीच देऊन झालेली असते.