एकाच अंकातले वेगवेगळे हसणे

मित्रहो, दिवाळी अंक हातात आल्यावर तो पहिल्या पानापासून क्रमाने वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कोणी आधी व्यंगचित्रे शोधतो, कोणी ओळखीच्या लेखकाची कथा उघडतो, कोणी थेट राशिभविष्य गाठतो, आणि तरीही घरात अंक एकच आलेला असतो. अनेक चित्रकथा एकत्र देणाऱ्या नियतकालिकांचेही असेच असते. त्यांच्या वाचकांच्या आवडीनिवडींत जो फरक पडतो, त्यातही विनोदाच्या बाबतीत जो पडतो, त्याविषयी मी आज बोलणार आहे. उत्कंठावर्धक कथेची लोकप्रियता मोजता येते. विनोदी कथेची मात्र त्याच मापाने मोजू गेल्यास ती खऱ्यापेक्षा कमी भरते, आणि संपादक त्या मापावरच विसंबला तर अंक एकसुरी होतो, असे माझे मत आहे.

आपल्या ओळखीचे उदाहरण आधी घेऊ. ‘टिंकल’ हे इंग्रजी नियतकालिक अनंत पै यांच्या संपादनाखाली १९८० साली मुंबईतून सुरू झाले. ‘अमर चित्रकथे’च्या एका पुस्तकात सहसा एकाच चरित्राची किंवा आख्यानाची मांडणी असे, तर ‘टिंकल’मध्ये लोककथा, विज्ञानाची माहिती, कोडी आणि ठरावीक पात्रांच्या छोट्या चित्रकथा शेजारी शेजारी नांदत असत. त्या पात्रांकडे नीट पाहिले, तर प्रत्येकाचा विनोद वेगळ्या जागी घडतो आणि म्हणून प्रत्येकाचा वाचकही वेगळा असतो, हे लक्षात येते.

सुप्पंडी १९८३ साली अवतरला. तमिळनाडूतील एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींवरून हे पात्र घडले आणि राम वाईरकरांनी त्याला रूप दिले. सुप्पंडीचा विनोद शब्दात आहे. मालकाने काही सांगावे आणि याने त्यातील शब्द तेवढा पाळावा, हेतू सोडून द्यावा. चांगल्या काड्या आणायला सांगितल्यावर प्रत्येक काडी ओढून तपासणाऱ्या नोकराची जी लोककथा आपल्याकडे सांगतात, त्याच जातकुळीचा हा विनोद आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला तो का भावतो, याचे कारण मला त्याच्या रोजच्या जगण्यात दिसते. त्या वयात मूल दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या आज्ञा ऐकत असते आणि बोललेले व अभिप्रेत असलेले यांतील अंतर नुकतेच शिकलेले असते. जे आपल्याला कालपरवा उमगले ते या मोठ्या माणसाला अजून उमगलेले नाही, याचा त्याला मनापासून आनंद होतो.

माझ्या थोरल्या बहिणीला मात्र सुप्पंडी मुळीच आवडत नसे. नोकराला मूर्ख ठरवून हसायचे, हे तिला बोचत असे, आणि सांगणाऱ्याने नीट का सांगितले नाही, असा तिचा सवाल असे. मी तेव्हा तिच्याशी भांडलो. आज तिच्या म्हणण्यातील न्याय मला कळतो. विनोदाच्या आवडीतील फरक आपण वयावर आणि समजुतीवर ढकलतो, परंतु कोणाकडे पाहून हसावे याविषयी प्रत्येक वाचकाचा एक नैतिक कलही असतो आणि तो लहानपणीच दिसू लागतो. बहिणीला तंत्री आवडे. राजा हुजाला हटवून स्वतः गादीवर बसण्याचे त्या मंत्र्याचे बेत दर वेळी त्याच्यावरच उलटतात, राजाला त्याचा संशयही येत नाही. गोष्टीचा शेवट वाचकाला पहिल्या चौकटीतच ठाऊक असतो. उत्सुकता असते ती आजचा बेत नेमका कोणत्या वाटेने उलटेल याची. ही बांधणीची आवड आहे, आणि सत्तेची हाव धरणारा तोंडघशी पडतो याचे समाधानही तिच्यात मिसळलेले आहे.

शिकारी शंभूचा विनोद बहुतांशी चित्रात आहे. वसंत हळबे यांनी त्याच्या टोपीची कड इतकी खाली ओढली की त्याचे डोळे कधी दिसतच नाहीत. भोवतालची माणसे त्याच्या शौर्याची वाखाणणी करतात आणि चित्र आपल्याला सांगते की हा घाबरून पळत होता, वाघ योगायोगाने सापडला. शब्दांवर भरभर नजर फिरवणाऱ्या वाचकाला हे अर्धेच मिळते. चौकटीवर रेंगाळणाऱ्याला, वाचन अजून अडखळत असलेल्या मुलाला, पूर्ण मिळते. कालिया कावळ्याच्या कथांत तर कित्येकांना विनोद जाणवतच नाही. तेथील सुख चमाटक या कोल्ह्याचा डाव वेळीच हाणून पाडण्यात आहे.

आता यांपैकी सर्वांत चांगली कथा कोणती, असे सगळ्या वाचकांना विचारले तर काय होईल? जपानमध्ये हा प्रश्न दर आठवड्याला विचारला गेला. शुएइशा या प्रकाशनसंस्थेचे ‘शोनेन जंप’ हे चित्रकथांचे नियतकालिक १९६८ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी साप्ताहिक झाले. अंकासोबतच्या पोस्टकार्डावर वाचकाने आपल्या आवडीच्या तीन कथा कळवायच्या. त्या कौलावर मालिकांचे भवितव्य मोठ्या प्रमाणात ठरे आणि नव्या मालिकेला वाचक मिळाले नाहीत तर ती दहाएक आठवड्यांत गुंडाळली जाई. या पद्धतीचे यश नाकारता येणार नाही. १९९४ च्या अखेरीस या साप्ताहिकाची छपाई ६५ लाख ३० हजार प्रतींवर पोहोचली होती.

तथापि तीन पसंतींच्या कार्डाचे गणित पाहा. समजा, शंभर वाचकांना एक विनोदी कथा मनापासून आवडते, पण प्रत्येकाच्या यादीत ती चौथी आहे. तिला एकही मत पडणार नाही. विनोदी कथेच्या वाट्याला ही चौथी जागा वारंवार येते, कारण ती त्याच आठवड्यात पुरी होते, मागे काही टांगणीला लावत नाही. लढाई ऐन भरात थांबलेली कथा मात्र कार्ड भरतानाही मनात घोळत असते. याच साप्ताहिकातली ‘किन्निकुमान’ १९७९ साली एका वेंधळ्या नायकाची थट्टा म्हणून सुरू झाली आणि हळूहळू कुस्तीच्या स्पर्धांची कथा झाली. आकिरा तोरियामा यांची १९८४ ची ‘ड्रॅगन बॉल’ आरंभी हसतखेळत चाललेली भटकंती होती. पसंती घसरू लागल्यावर तिच्यात युद्धकलेची स्पर्धा आली आणि ती वर चढली. दोन्ही कथांनी त्यातून पुष्कळ कमावले, हे मी मान्य करतो. मला खंत वाटते ती त्या सुरुवातीच्या मोकळ्या, निरुद्योगी हसण्याची, ज्याच्या बाजूने कार्डावर लिहायला कोणाला सुचले नाही.

याच साप्ताहिकात ओसामु आकिमोतो यांची ‘कोचिकामे’ १९७६ पासून २०१६ पर्यंत चाळीस वर्षे चालली आणि तिचे २०० खंड झाले. तोक्योच्या कामेआरी भागातील एक आळशी, पैशाच्या मागे धावणारा पोलीस आणि त्याच्या उचापती, एवढेच तिचे सूत्र. जवळजवळ प्रत्येक प्रकरण स्वतंत्र, त्यामुळे कोणत्याही आठवड्यात कोणालाही आत शिरता येई. दोन दीर्घ लढायांच्या मध्ये वाचकाला श्वास घ्यायला अशी जागा लागते आणि त्या जागेमुळे पुढची लढाईही अधिक रंगते, असे मला वाटते. हा उपकार शेजारच्या कथेच्या खात्यावर जमा होतो, म्हणून एकेका कथेची स्वतंत्र मते मोजणाऱ्या पद्धतीत तो दिसत नाही.

‘टिंकल’मध्ये वाचकांचा सहभाग वेगळ्या वाटेने आला. मुले गोष्टी लिहून पाठवत आणि निवडलेल्या गोष्टीबरोबर त्यांची नावे छापली जात. कोणती कथा नको हे सांगण्यापेक्षा आपल्याला हवी तशी कथा घडवून पाठवणे, ही आवड व्यक्त करण्याची मला अधिक उदार रीत वाटते, कारण तिच्यात दुसऱ्याचे पान काढून घ्यावे लागत नाही.

ते पान अंकात राहण्याला फार महत्त्व आहे. आमच्या घरी जुने अंक दोऱ्याने बांधून ठेवलेले असत. मे महिन्याच्या सुटीत सुप्पंडीच्या सगळ्या कथा तिसऱ्यांदा वाचून झाल्या आणि दुपार अजून उरली, तेव्हा मी वर्षभर ओलांडत आलेल्या तंत्रीच्या पानांवर थांबलो. बहिणीने काही न बोलता शेजारी बसून दोन चौकटींवर बोट ठेवले आणि बेत कोठे फसणार आहे ते चित्रात आधीच कसे दिसते, हे मला दाखवले.