खांद्यापाशी

श्रोतेहो, नमस्कार.

बंदुकीच्या गोष्टी बहुधा नळीच्या पुढच्या टोकाला घडतात. नेम कुठं धरला, काय टिपलं. आज आपण मागच्या टोकाला, सैनिकाच्या खांद्यापाशी बसू.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाडे चाल करून येऊ लागले, तेव्हा १९१८ मध्ये जर्मनीच्या माउझर कंपनीनं १३.२ मिलिमीटरची अजस्र रायफल काढली. नेहमीचीच रायफल, फुगवलेली. एका वेळी एकच काडतूस. पत्रा फोडायची खरी, पण दणका शोषून घ्यायला तिच्यात काहीच नव्हतं. सगळा भार खांद्यावर! पुढं रणगाड्यांचं चिलखत जाड होत गेलं आणि अशा बंदुका मागं पडल्या.

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत रॉनी बॅरेट यांनी अशीच मोठी रायफल बनवायची नव्यानं खटपट सुरू केली. पेशानं ते छायाचित्रकार. काडतूस निवडलं ते ब्राउनिंगच्या जड मशिनगनचं, १२.७ मिलिमीटरचं. लांबी जवळजवळ १४ सेंटीमीटर. तळहातावर आडवं ठेवलं तर दोन्हीकडून बाहेर डोकावतं. हे खांद्याला टेकवून उडवायचं!

त्यांनी काय केलं, तर नळीच हलती ठेवली. गोळी सुटली की नळी इंचभर मागं सरकते, स्प्रिंगा तिला आवरतात, आणि एकदम बसणारा दणका लांबून, पसरून येतो. नळीच्या तोंडाशी बाणाच्या टोकासारखा ब्रेक असतो. तो बाहेर पडणारा वायू बाजूला आणि मागं वळवतो, त्यामुळं बंदूक थोडी पुढं ओढली जाते. खांदा वाचतो. पण तोच वायू जमिनीवरची धूळ उडवतो आणि लपलेल्या सैनिकाचा ठावठिकाणा उघड करतो. म्हणून मुरलेले नेमबाज नळीखालची माती आधी भिजवतात, नाहीतर ओलं कापड अंथरतात. आवाजाचं तर विचारूच नका. तुमच्या रेडिओच्या कर्ण्याला तो पेलायचा नाही.

हलत्या नळीमुळं नेमातली बारीक अचूकता थोडी कमी होते. माझ्या मते हा सौदा वाजवीच आहे. उभं विमान, रडार, ट्रकचं इंजिन ही लक्ष्यं काही बोटभर नसतात. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी मरीन सैनिकांकडं बॅरेट यांची ही रायफल होती.

बॉम्ब निकामी करणारी पथकंही ती वापरतात. न फुटलेला गोळा वाटेत पडलेला असतो, जवळ जाणं धोक्याचं. मग सैनिक दूर आडोशाला पालथा पडतो, दस्ता खांद्यात घट्ट दाबतो आणि त्या गोळ्यावरच नेम धरतो.