आधी तारीख, मग तपासणी

मंडळी, मला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्यानं सुरू होतात : "डॉक्टर, गाय घाण टाकतेय." माझा प्रश्नही ठरलेला असतो : "व्याली कधी?" समोरचा जरा वैतागतो. त्याला औषधाचं नाव हवं असतं आणि मी तारीख विचारत बसतो. पण जो स्राव आठव्या दिवशी चालून जातो, तोच तिसाव्या दिवशी रोग असतो. त्यामुळे तारीख कळल्याशिवाय मला पुढे बोलताच येत नाही.

व्यायल्या दिवशी गाईची पिशवी, म्हणजे गर्भाशय, नऊ-दहा किलोची असते. महिन्याभरात ती आकसून किलोभरावर येते. आतला मैला, रक्त, झडलेलं अस्तर या काळात बाहेर पडतं. विताना गर्भाशयमुख उघडं राहतं, त्यातून जंतू आत शिरतात. पहिल्या दोन आठवड्यांत नमुने घेतले, तर दहांपैकी आठ-नऊ गाईंच्या पिशवीत जंतू सापडतील. त्यातल्या बहुतेक गाई आपल्या आपण साफ होतात. म्हणून दहाव्या दिवशी तांबूस-चॉकलेटी, दुर्गंधी नसलेला स्राव दिसला आणि गाय खातेपिते आहे, तर तिला हात लावू नका. उगाच आत नळी घालणं म्हणजे नव्या जंतूंना वाट करून देणं.

याच दिवसांत स्राव पातळ, लालसर-तपकिरी, नाकाला रुमाल लावावा असा कुजका येत असेल, अंगात १०३ फॅरनहाइटच्या वर ताप असेल, गाय वैरण सोडून मान टाकून उभी असेल, तर मात्र घाई करायची. हा तीव्र गर्भाशयदाह. बहुतेक वेळा तो पहिल्या दहा दिवसांतच होतो. विष रक्तात भिनतं, गाय दगावू शकते. इथे पिशवीत गोळ्या सोडण्यावर भिस्त ठेवून चालत नाही, अंगात प्रतिजैविक जावं लागतं.

यामागे बहुधा अडलेलं वीत असतं, जुळी असतात, मेलेलं वासरू असतं, नाही तर जार, म्हणजे वार, अडकलेला असतो. जार बारा तासांत पडायला हवा. चोवीस तास उलटले तर तो अडकला असं समजा. लोक म्हणतात, ओढून काढा. जार पिशवीला सत्तर ते एकशेवीस ठिकाणी, काज-बटणासारखा बसलेला असतो. काज सैल झालं नसताना ओढलं की बटणाखालचं कापडच फाटतं. ती जखम गाईला पुढच्या गाभणपणापर्यंत नडते. लोंबणारा भाग कापा, दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा आणि ताप चढला की लगेच बोलवा.

तीन आठवडे उलटले की हिशोब बदलतो. एकविसाव्या दिवसानंतर स्रावात पू दिसला, तर तो गर्भाशयाच्या अस्तराचा दाह. ताप नाही, दूधही बरं, म्हणून मालकाच्या लक्षातच येत नाही. पहाटे गाय उठली की तिच्या बसण्याच्या जागी पाहा, शेपटीला काय चिकटलंय ते पाहा. नुसत्या गुदमार्गे तपासणीवर निदान ठरवू नये, असं माझं मत आहे. पिशवी जाड लागते की मोठी लागते, हे दोन डॉक्टर दोन तऱ्हांनी सांगतात. मागचा भाग धुऊन, स्वच्छ हातमोजा घालून योनीतला स्राव बाहेर काढावा आणि उजेडात पाहावा. काचेसारखा स्वच्छ म्हणजे शून्य, पुवाचे ठिपके असले तर एक, निम्म्यापर्यंत पू म्हणजे दोन, त्याहून जास्त म्हणजे तीन. ही नोंद तारखेसह लिहून ठेवली की उपचार लागू पडला की नाही, यावर वाद उरत नाही.

खरी डोकेदुखी पुढेच आहे. गाय एकवीस दिवसांनी नेमानं माजावर येते, बळस, म्हणजे माजातला चिकट स्राव, पारदर्शक असतो, भरवली तरी गाभण न राहता पुन्हा उलटते. तीनदा, चारदा. अशा काही गाईंत सुप्त दाह असतो. बारीक ब्रशनं अस्तराच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर पू करणाऱ्या पांढऱ्या पेशी मोजता येतात. व्यायल्यानंतर २१ ते ३३ दिवसांत त्या १८ टक्क्यांच्या वर, ३४ ते ४७ दिवसांत १० टक्क्यांच्या वर गेल्या तर दाह धरतात. बघा, इथेही आकड्याला तारीख चिकटलेलीच आहे.

सूक्ष्मदर्शक जवळ नसेल तर व्हाइटसाइड चाचणी करा. माजातला बळस आणि तेवढाच १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा द्राव नळीत घ्या, उकळी येईपर्यंत तापवा, थंड होऊ द्या. रंग आला नाही तर ठीक. पिवळा आला तर दाहाचा संशय, जितका गडद तितका जोराचा. नळीचं तोंड माणसाकडे धरू नका, उकळता द्राव उसळतो आणि डोळा जाऊ शकतो.

"पिशवी धुऊन द्या" ही मागणी मला रोज येते. धुण्याचं उत्तम काम माज करतो. माजाच्या वेळी इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं, मुख उघडतं, पिशवी आकुंचन पावते, संरक्षक पेशी तिकडे धावतात. दोन माजांच्या मधे प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक जोरात असतं, त्या काळात हे सगळं मंदावतं. म्हणून अंडाशयावर पीतपिंड, म्हणजे प्रोजेस्टेरॉन तयार करणारी गाठ, असेल तर ती विरवणारं प्रोस्टाग्लँडिन देऊन गाय माजावर आणणं अनेकदा कामी येतं. तीव्र आयोडीन आत सोडलं तर अस्तर भाजतं. प्रतिजैविक द्यायचंच तर जमेल तिथे जंतूंची संवेदनशीलता तपासून द्या आणि ठरलेले दिवस दूध विकू नका.

यातलं कुठलंही औषध देण्याआधी गाय गाभण नाही याची खात्री करा. नोकरीच्या पहिल्या वर्षी "माजावर आहे, बळस गढूळ आहे" एवढ्यावर मी पिशवीत औषध सोडलं. गाय तीन महिन्यांची गाभण होती. काही गाई गाभण असतानाही माज दाखवतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. चार दिवसांनी गर्भ पडला. मालक एका शब्दानं बोलला नाही, ते जास्त लागलं.

याच्या उलटही होतं. माज बंद, पोट भरल्यासारखं, मालक गाभण समजून खूश. तपासलं तर पिशवीत लिटरभर पू. पीतपिंड टिकून राहतो, मुख मिटलेलं असतं, त्यामुळे बाहेर काही येत नाही. सोनोग्राफीत वासराऐवजी नुसती ढगाळ चित्रं दिसतात.

गाभ पाचव्या महिन्यानंतर पडला आणि जारही अडकला, तर ब्रुसेला हा गाभ पाडणारा जंतू आठवा. त्याचा रोग माणसालाही होतो. तिथे मोज्याशिवाय हात घालू नका आणि पडलेला गर्भ खोल पुरा.

मघाशी मागून कोणीतरी विचारलं, माज संपल्यावर दोन दिवसांनी शेपटीला रक्त दिसतं, ते काय? ते दुखणं नाही, औषध लागत नाही. एक ते तीन दिवसांपूर्वी माज होऊन गेला, एवढंच ते सांगतं. तो मुका, म्हणजे लक्षणं न दाखवणारा, माज असेल आणि तुमच्या नजरेतून सुटला असेल, तर गोठ्याच्या भिंतीवर आजची तारीख लिहा आणि सोळाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गाय पाहायला लागा.